पाव प्रदक्षिणा: डावीकडे सापडलेल्या अपेंडिक्सची केस

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्या नाशिककडे द्राक्षवाल्यांना मरायलासुद्धा वेळ नसतो. छाटणी झालेली असते, काड्यांना पेस्ट लावायची गडबड, मजूर मिळत नाहीत, त्यात पाऊस येतो का काय ही धास्ती. त्यामुळे अशा दिवसांत दिंडोरी साइडचा बागायतदार भर सकाळी दवाखान्यात येऊन ओपीडीच्या बाकड्यावर बसला असेल तर समजायचं की दुखणं खरं आहे. ही अक्कल मला आहे, निदान मी तसं समजत होतो, पण त्या दिवशी ती कामाला आली नाही. म्हणूनच ही केस पूर्ण लिहून काढतोय. पेशंटची परवानगी घेतली आहे, नाव-गाव देत नाही.

पेशंट पुरुष, वय ३८, अंगाने काटक, व्यसन नाही, पूर्वी ऑपरेशन नाही, शुगर-बीपी नाही. पोटात डावीकडे खाली दुखतंय म्हणून सकाळी अकराच्या सुमारास आला, सोबत बायको आणि आजी. आजी म्हणजे ऐंशीच्या पुढची बाई, तिने घरीच एक ट्रीटमेंट करून झालेली होती. बेंबी सरकली म्हणून तिने पोटावर पणती ठेवून तांब्या लावला होता, आणि बेंबीभोवती त्याचा लालसर गोल वण अजून दिसत होता. आमच्या हाउसमनला (वॉर्ड सांभाळणारा ज्युनिअर डॉक्टर) हसू आलं, मलाही थोडं आलं. खरं तर त्या वणाकडे नीट बघितलं असतं तर दिवसभराचा वेळ वाचला असता, का ते पुढे सांगतो.

केसपेपरवर लिहिलं गेलं ते असं: डाव्या बाजूला पोटदुखी, कालपासून, एक उलटी, ताप १००.४. लघवीच्या तपासणीत थोड्या लाल पेशी, थोड्या पू पेशी. पांढऱ्या पेशी १५,४००, त्यात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, वाढलेल्या. नाशिकमध्ये सर्जरी करणाऱ्या कुणालाही विचारा, उन्हातान्हात काम करणारा, पाणी कमी पिणारा तरणा माणूस, डावीकडे दुखतंय आणि लघवीत लाल पेशी, तर पहिला शब्द तोंडातून निघणार मुतखडा. तोच निघाला. मी जाऊन तपासलं, डावीकडे खाली हात लावला की तोंड वाकडं करत होता, उजवीकडे काही नाही. मी विचारलं, "भाऊ, कमरेतून पुढे येतं का दुखणं, जांघेकडे उतरतं का?" तो म्हणाला, "येत असंल साहेब." आता "येत असंल" हे काय उत्तर आहे का? हा माझाच प्रश्न त्याने मला परत दिला होता. उत्तर प्रश्नातच कोंबून विचारलं की दमलेला पेशंट मान डोलावतो. मी "हो" असं समजून पुढे गेलो.

सोनोग्राफी झाली. किडनीला सूज नाही, मूत्रनलिकेत खडा दिसत नाही, पोटात गॅस भरपूर, अपेंडिक्स दिसलं नाही. अपेंडिक्स सोनोग्राफीत न दिसणं यात काही विशेष नाही, अनेकदा दिसत नाही, म्हणून त्या ओळीवर कुणी थांबलं नाही. खडा छोटा असेल, निघून गेला असेल, असं म्हणून सलाईन, वेदनेचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, बघू संध्याकाळी.

संध्याकाळी राउंडला गेलो तर पेशंट एकदम सरळ, न हलता पडलेला, गुडघे थोडे वर घेतलेले. तिथे माझ्या डोक्यात पहिली घंटा वाजली. मुतखड्याचा माणूस शांत पडत नाही हो, तो तडफडतो, उठतो, बसतो, भिंतीला डोकं लावतो, कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालतो, कुठल्याही पोझिशनमध्ये त्याला बरं वाटत नाही. न हलता पडून राहतो तो माणूस ज्याच्या पोटाच्या आतल्या अस्तराला सूज पोचली आहे, कारण हललं की अस्तर ओढलं जातं आणि जीव जातो. बायको म्हणाली, "येताना गाडीत प्रत्येक स्पीडब्रेकरला ओरडत होते." दिंडोरी ते नाशिक रस्त्यावर स्पीडब्रेकर किती आहेत ते जाणाऱ्यालाच माहीत, म्हणजे ही तपासणी रस्त्याने सकाळीच करून ठेवलेली होती, आम्ही रिपोर्ट वाचला नव्हता.

मग स्टूल ओढून बसलो आणि तोंडात काही न घालता विचारलं, की भाऊ, काल पहिल्यांदा कधी आणि कुठे दुखलं ते सांगा, अगदी पहिल्यापासून. त्याने बोट उचललं आणि बेंबीभोवती गोल फिरवलं, तांब्याचा वण होता बरोबर त्यावरून. "सांजच्याला इथं सुरू झालं, पिळल्यासारखं, नेमकं कुठं ते सांगता येईना. जेवण नको वाटलं, मग उलटी झाली. रात्री एक-दोनला हे इकडं सरकलं, मग बोट ठेवून दाखवता येईल असं दुखायला लागलं." कमरेत? "कमरेत कधीच नव्हतं साहेब." आजी बाजूला बसली होती, ती म्हणाली, "मी काय सांगत होते, बेंबीचंच हाये."

आणि आजीचं बरोबर होतं. कारण चुकीचं होतं, जागा बरोबर होती.

आधी बेंबीभोवती अस्पष्ट दुखणं, भूक जाणं, उलटी, मग सहा-आठ तासांनी दुखणं एका जागी जाऊन बसणं, ताप, पांढऱ्या पेशी वाढलेल्या. ही अपेंडिक्सची गोष्ट आहे, सेकंड एमबीबीएसचा पोरगा झोपेत सांगेल. फक्त शेवटचं वाक्य "उजवीकडे खाली" असं असायला हवं होतं आणि इथे ते "डावीकडे खाली" होतं, एवढ्यावरून आम्ही सगळी गोष्टच टाकून दिली. अपेंडिक्सच्या संशयासाठी १९८६ पासून अल्वाराडो स्कोअर म्हणून दहा मार्कांचा हिशोब वापरतात, त्यात उजवी बाजू दोन ठिकाणी आहे, दुखणं उजवीकडे सरकलं तर १ आणि उजवीकडे दाबल्यावर दुखलं तर २. उजव्या बाजूचा हट्ट धरला तर या पेशंटला ७ मिळतात, हट्ट सोडला तर १० पैकी १०. अहो ७ सुद्धा पुरेसे होते, सर्जनला जागं करायला. पण आम्ही हिशोब मांडलाच नाही, डावीकडे दुखतंय म्हटल्यावर अपेंडिक्सची वही उघडतोय कोण.

बेंबी का दुखते

इथे जरा थांबतो, कारण ही केस मला ज्यासाठी लिहायची आहे ते इथे आहे. अपेंडिक्स असतं खाली कोपऱ्यात, मग सुरुवात बेंबीपाशी का होते? बेंबीत तर काही नसतं.

माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो की पोटातल्या प्रत्येक अवयवाचे दोन पत्ते असतात, एक माहेरचा आणि एक सासरचा. गर्भात अवयव जिथे तयार होतो ते माहेर. मग तो सरकत, फिरत, ढकलला जात शेवटी जिथे राहायला जातो ते सासर. गंमत अशी की घर बदललं तरी नसांची आणि रक्तवाहिन्यांची नाती बरीचशी माहेरचीच राहतात. त्यामुळे अवयव दुखला की पहिली बातमी माहेरी जाते. नंतर सूज वाढून शेजारच्या भिंतीला, म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तराला लागली की सासरचे शेजारीपाजारी ओरडायला लागतात, आणि ते ओरडणं नेमकं, बोट ठेवता येईल असं असतं.

चौथ्या आठवड्यात गर्भ म्हणजे एक चपटी तीन थरांची पोळी, ती कडांनी आत वळते आणि तिच्यातून नळी तयार होते, हीच आपली अन्ननलिका-जठर-आतडं. या नळीचे तीन भाग, पुढचा, मधला, मागचा. तिन्हींना महाधमनीतून एकेक मुख्य रक्तवाहिनी आणि तिच्याबरोबर जाणाऱ्या नसा. पुढचा भाग, म्हणजे जठर, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, हे दुखले की छातीच्या खाली मधोमध कळतं. मधला भाग म्हणजे ड्युओडेनमच्या (जठराला लागून असलेला लहान आतड्याचा पहिला तुकडा) मधल्या टप्प्यापासून आडव्या मोठ्या आतड्याच्या साधारण दोन तृतीयांशापर्यंत, त्यात पुढचं सगळं लहान आतडं आणि अपेंडिक्स आलं, याच्या नसा मणक्याच्या ज्या पातळीवर पोचतात, म्हणजे छातीचा दहावा मणका, त्याच पातळीवर बेंबीच्या कातडीच्या नसाही येतात. मेंदूला कळत नाही की फोन आतड्यातून आला की बेंबीतून, तो बेंबी सांगतो. शेवटचा भाग दुखला की ओटीपोटात.

म्हणजे बेंबीभोवतीचं दुखणं सांगतं "मधल्या आतड्याचं काहीतरी". ते उजवं-डावं सांगत नाही. माहेर सगळ्यांचं मध्यरेषेवर असतं, उजवं-डावं सासरी गेल्यावर ठरतं. आमच्या पेशंटच्या बेंबीने खरं सांगितलं होतं, आम्ही फक्त सासर बघून निदान केलं.

हे एकदा कळलं की बाकीच्या विचित्र दुखण्यांचाही उलगडा होतो. डायफ्रॅमखाली, म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधल्या स्नायूच्या पडद्याखाली, पू किंवा रक्त साठलं तर खांदा का दुखतो? कारण डायफ्रॅमचा मूळ भाग मानेच्या पातळीवर तयार होतो आणि मग खाली उतरतो, येताना मानेच्या तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या मणक्याची नस सोबत घेऊन येतो, आणि खांद्याच्या कातडीलाही तिथलीच नस. वृषणाला मार लागला तर पोटात, बेंबीपाशी कळ का जाते? कारण ते कमरेच्या पातळीवर तयार होऊन खाली उतरलेलं असतं. किडनी मात्र उलट्या दिशेने जाणारी, ती तयार होते खाली ओटीपोटात आणि वर चढते, चढताना जुन्या रक्तवाहिन्या सोडत नवीन जोडत जाते, म्हणजे माहेरची नाती तोडणारी ती एकटीच. चढता चढता दोन्ही किडन्यांची खालची टोकं चिकटली तर मोठ्या आतड्याच्या धमनीखाली अडकून बसते, घोड्याच्या नालेसारखी किडनी म्हणतात ती.

हृदयसुद्धा, सुरुवातीला डोक्याच्याही पुढे असतं, गर्भ पुढे वाकतो तेव्हा ते खाली छातीत येतं. पण ते आता सोडा, पोटाकडे या.

मग डावीकडे कसं

त्या रात्री माझ्या डोक्यात दोन शक्यता होत्या. एक, सगळेच अवयव आरशातल्यासारखे उलटे, म्हणजे सायटस इन्व्हर्सस. साधारण दहा हजारात एखाद्याला असतं. याचं कारण मला नेहमी कमाल वाटतं: गर्भाच्या तिसऱ्या आठवड्यात एका छोट्या खड्ड्यातल्या पेशींचे केस गोल फिरतात आणि द्रव डावीकडे ढकलतात, त्या प्रवाहावरून शरीराला कळतं की डावं कुठलं. ज्यांचे हे केस जन्मतः हलत नाहीत त्यांच्या शरीरात डावं-उजवं ठरवायला नाणेफेक होते, निम्म्यांचे अवयव नीट, निम्म्यांचे उलटे. त्यांना सायनस आणि छातीचा त्रासही लहानपणापासून असतो, कारण श्वासनलिकेतले केसही तेच.

पण आमच्या पेशंटचा ईसीजी नॉर्मल होता, हृदयाचे ठोके डावीकडेच लागत होते, सोनोग्राफीत यकृत उजवीकडेच होतं. हाउसमन म्हणाला, "सर, मग अवयव तर सगळे जागेवर आहेत." हीच चूक बरेच जण करतात. हृदय आणि यकृत जागेवर म्हणजे आतडंही जागेवर, असं नसतं. आतड्याचा प्रवास वेगळा आणि जास्त लांबचा.

म्हणून दुसरी शक्यता, मालरोटेशन, म्हणजे गर्भात आतडं नीट न फिरणं. किडनीचा रिपोर्ट नॉर्मल आहे याची खात्री करून कॉन्ट्रास्ट सिटी स्कॅन केला, रात्री आठ वाजता. स्कॅनमध्ये असं: सगळं लहान आतडं पोटाच्या उजव्या अर्ध्यात, सगळं मोठं आतडं डाव्या अर्ध्यात, सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी, डावीकडे खाली आणि त्याला लटकलेलं १२ मिलिमीटर जाड, सुजलेलं अपेंडिक्स, भोवती थोडं पाणी. ड्युओडेनम मध्यरेषा ओलांडून डावीकडे जायला हवं ते गेलंच नव्हतं. आणि आतड्याची मोठी शिरा, जी धमनीच्या उजवीकडे असायला हवी, ती डावीकडे. ही शेवटची खूण फार कामाची, घाईत स्कॅन बघताना या दोन वाहिन्या आधी बघून घ्यायच्या, पाच सेकंद लागतात.

आता हे होतं कसं ते सांगतो. फर्स्ट एमबीबीएसला सगळ्यांनी पाठ केलेलं असतं, "मिडगट (म्हणजे मधलं आतडं) २७० अंश फिरतं, घड्याळाच्या उलट", दोन मार्क मिळवून विसरून जायचं. मी पण तेच केलं होतं.

सहाव्या आठवड्यात गर्भ जेमतेम सेंटीमीटरभर. त्यात यकृत अवाढव्य, पोटात जागा नाही आणि आतडं मात्र झपाट्याने लांब होतंय. मग ते घर सोडून बाहेर पडतं, चक्क नाळेत. होय, आपल्या प्रत्येकाचं आतडं काही आठवडे पोटाबाहेर नाळेत राहून आलेलं आहे. दहाव्या आठवड्यात ते परत येतं. सोनोग्राफीवाले आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणून त्यांच्या हिशोबाने बाराव्यापर्यंत बाहेर दिसलं तर चिंता नसते, त्यापुढे दिसलं तर ऑम्फॅलोसीलचा, म्हणजे आतडं नाळेतच राहून जाण्याच्या जन्मदोषाचा, विचार करायचा. म्हणजे बेंबी ही नुसती नाळेची खूण नाही, ते आतड्याचं दारच होतं एकेकाळी.

या जाण्या-येण्यात आतडं आपल्या मुख्य धमनीभोवती फिरतं. देवाला आपण उजवी प्रदक्षिणा घालतो, आतडं समोरून बघितलं तर उलटी घालतं, आणि पूर्ण नाही, पाऊण. बाहेर असताना पाव प्रदक्षिणा, ९० अंश, त्यात वरचा फाटा, ज्याचं पुढे लहान आतडं होतं, तो शरीराच्या उजवीकडे येतो आणि खालचा फाटा, ज्याचं सीकम आणि मोठं आतडं होतं, तो डावीकडे. परत येताना उरलेले १८० अंश: लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग आधी आत शिरतो आणि धमनीच्या मागून डावीकडे जातो, सीकम सगळ्यात शेवटी येतं, धमनीच्या पुढून उजवीकडे. आधी ते यकृताखाली राहतं, मग हळूहळू उजव्या कोपऱ्यात उतरतं. म्हणूनच आपलं आडवं मोठं आतडं पुढे आणि ड्युओडेनम त्याच्या मागे असतं, ही काही कुणी मुद्दाम केलेली मांडणी नाही, प्रदक्षिणेत कोण पुढून गेलं कोण मागून, त्याचा तो हिशोब आहे. जठर पण स्वतःभोवती ९० अंश वळतं, ते मात्र घड्याळाच्या दिशेने, म्हणून त्याची डावी नस पुढे येते आणि उजवी मागे जाते. स्वादुपिंड तर दोन कोंबांतून होतं आणि पुढचा कोंब मागे फिरून दुसऱ्याला जाऊन मिळतो.

आमच्या पेशंटने पहिली पाव प्रदक्षिणा घातली आणि तो थांबला. बाकीची अर्धी घातलीच नाही, आतडं तसंच सरळ आत आलं. म्हणून लहान उजवीकडे, मोठं डावीकडे, अपेंडिक्स डाव्या कोपऱ्यात. आजी म्हणत होती काहीतरी सरकलंय. खरं तर अडतीस वर्षांपूर्वी जे सरकायला हवं होतं ते सरकलं नव्हतं.

फिरणं झालं की शेवटचं काम म्हणजे बांधणी. लहान आतडं सहा-एक मीटर लांब, ते पाठीच्या भिंतीला एका पडद्याने धरलेलं असतं, या पडद्याचं मूळ डावीकडून वरून उजवीकडे खाली तिरपं, साधारण १५ सेंटीमीटर रुंद. रुंद मूळ म्हणजे पीळ पडत नाही. मालरोटेशनमध्ये हे मूळ अरुंद राहू शकतं, सगळं आतडं एका बारक्या देठावर. हे मी दुसऱ्या दिवशी त्याला समजावत होतो तर तोच म्हणाला, "म्हंजे घडासारखं. घड देठावर पिळला का मणी सुकतात." इतकी वर्षं शिकवतोय, इतकं सोपं मला सुचलं नव्हतं.

ऑपरेशन आणि पुढे

रात्री साडेदहाला घेतला, लॅप्रोस्कोपीने. एरवी अपेंडिक्सला सर्जन पेशंटच्या डावीकडे उभा राहतो आणि मॉनिटर उजवीकडे. इथे सगळं उलट, मॉनिटरची ट्रॉली फिरवायची तर वायर पुरेना, एक्स्टेंशन बोर्ड शोधण्यात दहा मिनिटं गेली, ब्रदर वैतागला होता. टेबल उजवीकडे कललं, बेंबीतून कॅमेरा गेला. वीस वर्षं जे चित्र बघतोय ते आत नव्हतं. उजव्या कोपऱ्यात नुसतं लहान आतडं, सीकमचा पत्ता नाही. हात सवयीने उजवीकडे जात होते. डावीकडे गेल्यावर सापडलं, टोकाला काळपट, फुटायच्या बेतात पण फुटलेलं नाही, भोवती गढूळ पाणी. काढलं, धुतलं, पंचावन्न मिनिटं. बायोप्सीत तेच, पू झालेलं अपेंडिक्स. तिसऱ्या दिवशी घरी.

ऑपरेशन टेबलवर एक प्रश्न होता, लॅड ऑपरेशन आत्ताच करायचं का. बोस्टनच्या विल्यम लॅडने १९३६ मध्ये मांडलेलं हे ऑपरेशन, पीळ असेल तर सोडवायचा, सीकमपासून ड्युओडेनमवरून जाणारे पट्टे कापायचे, पडद्याचं मूळ रुंद करायचं, अपेंडिक्स काढायचं, आणि मग लहान आतडं उजवीकडे आणि मोठं डावीकडे ठेवून द्यायचं. लक्षात घ्या, लॅड आतड्याला फिरवून "बरोबर" जागी नेत नाही, ते अर्धवट फिरलेल्या स्थितीतच नीट मोकळं करून ठेवतो. म्हणजे आमच्या पेशंटची मांडणी जन्मतःच बरीचशी तशी होती. पट्टे आम्हाला दिसले नाहीत, पीळ नव्हता, आणि पोटात इन्फेक्शन असताना जास्तीचं काम नको म्हणून थांबलो. मोठ्या माणसात त्रास नसेल तर लॅड करावं की नुसतं लक्ष ठेवावं यावर सर्जन मंडळींत दोन तट आहेत, मी दुसऱ्या बाजूला थोडा जास्त झुकलेला आहे, पण त्याच्या बाबतीत मामला तितका सरळ निघाला नाही.

कारण टाके काढायला आला तेव्हा आईही आली होती आणि तिने सांगितलं की हा लहानपणी सारखा ओकायचा, हिरवं-पिवळं, तीन-चार वर्षांचा होईपर्यंत, मग थांबलं. तो स्वतः म्हणाला की अजूनही भरपेट जेवलं की पोट तट्ट होतं, अर्धा तास एका कुशीवर पडलं की मोकळं होतं, म्हणून तो दुपारी शेतात कमीच खातो आणि घरचे त्याला "चिमणीचं पोट" म्हणतात. हे त्याने कधी कुठल्या डॉक्टरला सांगितलं नाही, कारण त्याला वाटायचं सगळ्यांचंच असं होतं.

लहान बाळांच्या आईबापांसाठी इथे एक ओळ लिहूनच ठेवतो, विषयांतर झालं तरी चालेल. नवजात बाळाने हिरवी उलटी केली तर घुटी नाही, तांब्या नाही, उद्या बघू नाही, त्याच तासाला बालरोग सर्जन असलेल्या ठिकाणी न्यायचं. मालरोटेशन साधारण ५०० जन्मांत एकाला असतं असं पुस्तकात देतात, बहुतेकांना ते आयुष्यभर कळतही नाही, पण ज्यांना पीळ पडतो त्यांतल्या बऱ्याच जणांना पहिल्या महिन्यातच पडतो आणि आतडं काही तासांत काळं पडतं.

डिस्चार्ज कार्डावर मी इंग्रजीखाली मराठीत मोठ्या अक्षरात लिहून दिलं: अपेंडिक्स काढलेलं आहे. लहान आतडं उजवीकडे, मोठं डावीकडे आहे, जन्मतः. अचानक जोराचं पोट दुखलं, हिरवी उलटी झाली, पोट फुगलं तर लगेच हॉस्पिटल. त्याने ते लॅमिनेट करून घेतलं आणि पाकिटात ठेवलं, फोटो काढून भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. आमच्या हाउसमनला मी शिक्षा म्हणून नाही, पण सांगून ठेवलं की केसपेपरवर "कुठे दुखतंय" याच्या वर अजून एक ओळ पाहिजे, "पहिल्यांदा कुठे दुखलं". ती ओळ आता आम्ही छापूनच घेतली आहे. शिक्षा करायची तर आधी मला व्हायला हवी होती, सही माझी होती.

फेब्रुवारीत तो परत आला, क्रेटभर द्राक्षं घेऊन. जखमा भरल्या आहेत, वजन दोन किलो वाढलंय, जेवणानंतरचं तट्ट होणं मात्र आहे तसंच. बेरियम (एक्स-रेत दिसणारं पांढरं द्रव) पाजून फोटो काढले, ड्युओडेनम उजवीकडेच उतरतं, अडथळा ठळक नाही पण एका ठिकाणी बेरियम जरा रेंगाळतं. पट्टा असू शकतो, आम्हाला त्या रात्री दिसला नाही असंही असू शकतं. माझा सल्ला आता बदललेला आहे, लॅड करून घ्या, आणि तो मी त्याला दिला. तो बराच वेळ फोटोकडे बघत बसला, मग विचारलं किती दिवस झोपावं लागेल. मी म्हणालो चार-पाच दिवस, मग महिनाभर जड उचलायचं नाही. "महिनाभर?" म्हणाला, "माल उतरू द्या साहेब, एप्रिलच्या खरड छाटणीआधी बघू." तारीख अजून ठरायची आहे.